ऑफिसवरची एक विनोदी कथा आणि चौथ्या मजल्यावर न येणारे काका

आमच्या कंपनीतल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी सहा वर्षं संपादित करतोय. २०२४ च्या अंकात आम्ही ऑफिसच्या कारभारावर एक विनोदी कथा छापली. कथा गाजली, आणि तिच्यामुळे एक माणूस मनातून दुखावला गेला. हे कसं घडलं, कुठे कुठे थांबता आलं असतं आणि पुढे काय केलं, ते इतर कंपन्यांतल्या मंडळांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून काढतोय. ज्यांच्याबद्दल आहे त्या काकांनी आणि कथालेखिकेने हे वाचून छापायला होकार दिला आहे. मजले आणि काही ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. कथेतल्या पात्राचं नावही बदललंय, कारण मूळ नाव पुन्हा कुठेही छापायचं नाही असं आमचं ठरलं आहे. इथे त्याला ‘चाकोबा’ म्हणतो.

पार्श्वभूमी

कंपनी हिंजवडीत, फेज दोनमध्ये. मंडळ म्हणजे पंधरा-वीस हौशी माणसं. गणपतीत आरत्या, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दिवाळीत अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून सुरू झालेली ही सवय मराठी माणसाला इतकी लागलीय की आयटी पार्कातल्या माणसांनाही आपला अंक असावासा वाटतो. पीडीएफ सगळ्यांना मेलने जाते. शिवाय दीडशे प्रती आम्ही नारायण पेठेतल्या प्रेसमधून छापून घेतो. त्या रिसेप्शनवर, पॅन्ट्रीत, बसच्या ड्रायव्हरदादांकडे अशा फिरतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

लेखिका टेस्टिंगमध्ये आहे, आठ वर्षं झाली. कोथरूडहून कंपनीच्या बसने येते. भूमकर चौकात अडकली की जाऊन-येऊन तीन तास सहज मोडतात. त्या तीन तासांत ती मोबाइलवर लिहिते. आमच्या अंकात तिचं लेखन दरवर्षी असतं आणि अंक हातात आला की लोक आधी तिचं पान उघडतात.

ऑगस्टमध्ये तिच्या खुर्चीचं एक चाक निघालं. तिने फॅसिलिटीच्या, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांच्या, सिस्टिममध्ये तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी मेल आला: तिकीट बंद, काम पूर्ण. खुर्ची होती तशीच होती. तिने पुन्हा तिकीट टाकलं, पुन्हा बंद झालं. तिसऱ्यांदाही तेच. ही तिकिटं ज्यांच्या नावावर बंद होत होती ते काका कंपनीचे नोकर नाहीत, फॅसिलिटीचं कंत्राट घेतलेल्या व्हेंडरचे आहेत. पन्नाशीचे, शांत. कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: “होऊन जाईल ताई, प्रोसेसमध्ये आहे.”

महिनाअखेरीस एके सकाळी खुर्ची नीट झालेली होती. हाऊसकीपिंगवाल्यांनी बदलली असेल असं तिला वाटलं आणि विषय तिथेच संपला. कथा मात्र तोवर मनात सुरू झाली होती.

कथा काय होती

कथेतल्या ऑफिसात एका खुर्चीचं चाक निघतं. तिकीट निघतं, बंद होतं. मग चाक का निघालं याच्या मूळ कारणाचा शोध घ्यायला बैठक बसते. त्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात. चाकावरच मालमत्तेचा क्रमांक चिकटवलेला असल्यामुळे, चाक नसलेली खुर्ची कंपनीच्या दप्तरी अस्तित्वातच नसते. पुढे अप्रेझलच्या मोसमात खुर्चीलाही श्रेणी मिळते: पाचपैकी चार चाकं चालू, म्हणजे काम ऐंशी टक्के, पण बेल कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या श्रेणीत किती जण बसवायचे हे आधीच ठरवणाऱ्या पद्धतीत, वरच्या जागा भरल्या असल्यामुळे ‘सुधारणेला वाव’. या सगळ्यात वावरणारा चाकोबा. एक उतारा देतो:

“चाकोबा आला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीने त्याच्याकडे पाहिलं. ‘होऊन जाईल, प्रोसेसमध्ये आहे,’ असं तो खुर्चीला म्हणाला आणि तिकीट बंद करून निघून गेला. लगेच मेल आला: आपली समस्या सुटली आहे. समस्या सुटल्याचा आनंद आपण पाचपैकी किती ताऱ्यांत मोजाल? मी उत्तर द्यायला वाकले आणि खुर्चीवरून पडले.”

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकटाच घरी खो खो हसलो होतो. आजही ही कथा मला चांगली वाटते. कारभाराचा वेडेपणा तिने बरोब्बर पकडला होता आणि तो पकडायला सहज जमत नाही. ऑफिसवर विनोद करताना बहुतेक जण बॉसच्या पोटावर आणि कँटीनच्या चहावर अडतात.

पहिला निर्णय: तीन ऑक्टोबरची बैठक

संपादक मंडळाची बैठक ३ ऑक्टोबरला संध्याकाळी होती. घटस्थापनेचा दिवस. बैठक चालू असतानाच मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी फोनवर आली. कुणीतरी पेढे मागवले. आम्ही सगळे भलतेच खुशीत होतो आणि त्याच खुशीत या कथेचा मसुदा हातात घेतला.

तिच्या पहिल्या मसुद्यात चाकोबा दोनच ठिकाणी येत होता. कथेचा अर्धा भाग ‘मोठे साहेब’ या पात्राचा होता. हे साहेब तुटक्या खुर्चीवर सगळ्या ऑफिससमोर भाषण देतात: “पाचवं चाक ही गरज नाही, मानसिकता आहे. गाडी चार चाकांवर चालते, मग खुर्ची का नाही?” टाळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याच खुर्च्यांचं एकेक चाक काढून बचतीत जमा केलं जातं.

आमच्या पुण्याच्या ऑफिसचे प्रमुख असंच बोलतात. ‘मानसिकता’ हा त्यांच्या आवडीचा शब्द. अंकाच्या छपाईचे पैसे त्यांच्या सहीने मिळतात, आणि नोव्हेंबरात अप्रेझल होतं. या दोन गोष्टी बैठकीत कुणी उघडपणे बोललं नाही, पण टेबलावर बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात त्या होत्या. मी तिला म्हणालो, “साहेबांचा भाग जरा सौम्य करूया.”

ती म्हणाली, “मग हसायचं कुणाला?”

त्यावर मी दिलेलं उत्तर मला शब्दशः आठवतं. “चाकोबा छान जमलाय. त्याला वाढव. एखादं पालुपद दे त्याला.”

तिने चार दिवसांत कथा पुन्हा लिहून दिली. भाषण गेलं, साहेब दोन वाक्यांपुरते उरले. चाकोबाला पालुपद मिळालं, आणि ते काकांच्या तोंडचं जसंच्या तसं वाक्य होतं. प्रकरण झाल्यावर मी दोन्ही मसुदे शेजारी ठेवून मोजलं. दोन ठिकाणी असलेला चाकोबा छापील कथेत अकरा ठिकाणी आला होता. कथेतला राग तेवढाच राहिला होता, फक्त तो वरून उचलून खाली ठेवला गेला होता. हे काम लेखिकेचं नव्हे, संपादकाचं होतं. म्हणजे माझं.

त्या बैठकीत साहेबांना काय वाटेल यावर आम्ही पाऊण तास बोललो. काकांचं नाव एकदाही निघालं नाही.

प्रसिद्धी आणि पुढचे पंधरा दिवस

२५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आधीच्या शुक्रवारी, अंक निघाला. पहिल्याच दिवशी कथेवर शंभरेक जणांनी मेल केले. पुण्याच्या प्रमुखांनी स्वतः कथा पुढे पाठवली, वर लिहिलं: ‘वाचलीच पाहिजे.’ ज्यांना घाबरून आम्ही कथा कापली ते मनसोक्त हसले होते. मला हायसं वाटलं.

सुट्ट्या संपून लोक परत आले तेव्हा ‘चाकोबा’ हा ऑफिसातला रूढ शब्द झाला होता. तिकिटांच्या शेऱ्यात लोक ‘चाकोबा, बघा जरा’ असं लिहू लागले. व्हॉट्सअॅपवर स्टिकर फिरलं. कुणीतरी ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं मोठ्या अक्षरांत छापून कागद बेसमेंटमधल्या फॅसिलिटी रूमच्या दारावर चिकटवला. यात कुणाच्या मनात वैर होतं असं मला वाटत नाही. सगळे खूश होते आणि आपल्याला एक नवी गंमत सापडली असं प्रत्येकाला वाटत होतं.

मला हे कळलं ते पॅन्ट्रीतल्या मावशींकडून. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चहा देता देता त्या म्हणाल्या, “दादा, ते फॅसिलिटीचे काका आता वर येत नाहीत. पोऱ्याला पाठवतात. तुमच्या पुस्तकातलं वाचलं त्यांनी.” पॅन्ट्रीत ठेवलेली छापील प्रत त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचली होती. मावशींनी पाहिलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी अंक मिटून होता तिथे ठेवला आणि चहा न घेता गेले.

माझी पहिली प्रतिक्रिया बचावाची होती: आपण नाव कुठे घेतलंय? विनोदी कथा आहे, लोकांना कळतं. संध्याकाळपर्यंत हे दोन्ही युक्तिवाद मला स्वतःलाच पटेनासे झाले. चार मजल्यांवरच्या प्रत्येकाला ते वाक्य कुणाचं आहे हे माहीत होतं. नाव घेतलं असतं तर निदान लोकांनी टोपणनाव तरी पाडलं नसतं.

समोर आलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी लेखिका, मी आणि मंडळाचे आणखी दोघं बसलो. लेखिकेचा चेहरा पडला होता. तिला काकांविषयी राग कधीच नव्हता. तिचा राग त्या मेलवर होता.

काहीच न करणं हा पहिला पर्याय. महिनाभरात लोक विसरतील, आपण बोललो तर उलट वाढेल. हा सल्ला वाईट हेतूचा नव्हता आणि ऑफिसात अशा गोष्टी खरंच विरून जातात. पण विसरणारे लोक वेगळे आणि ज्याच्या दारावर कागद चिकटलाय तो माणूस वेगळा.

दुसरा, अंक मागे घेणं. तिसरा, सगळ्यांना माफीचा मेल. चौथा, प्रकरण रीतसर एचआरकडे नेणं. हा चौथा आमच्या हातात राहिलाच नाही, कारण तोवर एचआरपर्यंत बातमी गेली होती. त्यांचं म्हणणं असं की यापुढे अंकातलं प्रत्येक लेखन कॉर्पोरेट कम्युनिकेशनने आधी तपासायचं, आणि ही कथा कंपनीच्या मालकीची असल्यामुळे कंपनी ती काढून टाकेल. मालकीची कशी? तर लेखिका कंपनीची नोकर आहे आणि कथा कंपनीच्या बसमध्ये लिहिली आहे.

इथे आम्ही शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या एका मित्राला गाठलं. त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी प्रत्येक अशा अंकाच्या संपादकाला माहीत हव्यात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाची पहिली मालकी मालकाकडे जाते, वेगळा करार नसेल तर. पण टेस्टिंगच्या कामावर नेमलेल्या बाईने प्रवासात, स्वतःच्या मोबाइलवर लिहिलेली विनोदी कथा नोकरीच्या ओघात आली असं म्हणता येणार नाही, बस कुणाचीही असो. त्याने तिचं नेमणूकपत्रही वाचून घेतलं. त्यातलं कलम कामाशी संबंधित निर्मितीपुरतंच होतं. कथा तिचीच.

दुसरी गोष्ट आम्हाला टोचणारी होती. अब्रुनुकसानीचं जे कलम भारतीय दंड संहितेत ४९९ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय. त्याच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात म्हटलंय की उपरोधाने केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो. आणि नाव घेतलेलं नसलं तरी वाचणाऱ्यांना माणूस ओळखू येत असेल तर तेवढं पुरतं. काका कोर्टात जाणार नव्हते, तो प्रश्नच नव्हता. पण ‘नाव घेतलं नाही’ आणि ‘विनोद आहे’ या ज्या दोन भिंतींआड मी उभा होतो, त्या भिंती नव्हत्याच.

यावर आणखी खल करण्याऐवजी लेखिकाच म्हणाली, “आपण चौघं इथे बसून त्यांचं काय करायचं ते ठरवतोय. त्यांना कुणी विचारलंय का?”

संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात योग्य वाक्य तेच होतं, आणि ते अंक निघून तीन आठवडे झाल्यावर बोललं गेलं.

बेसमेंटमधली भेट

शिफ्ट संपायच्या वेळी आम्ही दोघं खाली गेलो. फॅसिलिटी रूम म्हणजे पार्किंगच्या कोपऱ्यातली बिनखिडकीची खोली. भिंतीला लावलेल्या मोडक्या खुर्च्या, टेबलावर एक मॉनिटर. त्यावर उघड्या तिकिटांची यादी आणि प्रत्येकासमोर उलटं धावणारं घड्याळ. अठ्ठेचाळीस तासांपासून शून्याकडे. बारा तास उरले की ओळ पिवळी, चार उरले की लाल.

काकांनी आम्हाला बसायला दिलं. लेखिका काही बोलणार तोच ते म्हणाले, “ताई, तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. मी बंद करतो. पण बंद करतो ते लिहिलंत, का करतो ते नाही लिहिलंत.”

मग त्यांनी कारण सांगितलं. व्हेंडरच्या कंत्राटात अट होती: अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त उघड्या राहिलेल्या प्रत्येक तिकिटामागे बिलातून रक्कम कापली जाणार. चाकासारखी किरकोळ वस्तू एकट्याने मागवता येत नव्हती. ठरावीक रकमेची मागणी साठल्यावरच खरेदी व्हायची, म्हणजे तीन महिन्यांतून एकदा. त्यामुळे अठ्ठेचाळीस तासांत चाक येणं शक्य नव्हतं आणि तिकीट उघडं ठेवणंही शक्य नव्हतं. दोन्हीच्या मध्ये काका बसलेले. घड्याळ लाल झालं की सुपरवायझरचा फोन यायचा: आधी बंद करा.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं, ते आज या रूपात सांगितलं जातं की मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आमच्या इमारतीत ते एका मॉनिटरवर चालू होतं. खुर्ची दुरुस्त झाली का हे कुणी मोजत नव्हतं, तिकीट बंद झालं का हे मोजलं जात होतं. कथेचा खरा विषय हा होता. लेखिकेला तो अर्धा दिसला होता आणि जो अर्धा दिसला नव्हता तो या खोलीत होता.

काकांनी खणातून एक शंभर पानी वही काढली. सिस्टिममध्ये बंद केलेलं पण खरं न झालेलं प्रत्येक काम त्यांनी त्यात लिहून ठेवलं होतं: तारीख, मजला, बसण्याची जागा. काम झालं की लाल पेनाने टिक. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात भंगारात निघालेल्या खुर्च्यांची काढून ठेवलेली चाकं. वहीत बोट फिरवत ते एका ओळीवर थांबले. चौथा मजला, लेखिकेची जागा, ऑगस्टमधल्या तीन तारखा. पुढे लाल अक्षरात: ‘जुनं चाक बसवलं, २९ ऑगस्ट.’

ते चाक त्यांनी शिफ्ट संपल्यावर थांबून बसवलं होतं. ती रोज त्याच खुर्चीवर बसून नोकरी करत होती.

लेखिका रडली. काका अवघडले, पाणी आणून दिलं. मी माफीच्या मेलचं विचारलं तर ते लगेच म्हणाले, “नको साहेब. मेल टाकलात तर ज्यांनी नाही वाचलं तेसुद्धा शोधून वाचतील. दारावरचा कागद काढला तरी पुरे. आणि त्या घड्याळाचं काही होतंय का बघा.”

काय केलं

कागद मी त्याच वेळी काढला. माफीचा मेल टाकला नाही. त्याऐवजी मंडळाचे आम्ही सगळे आपापल्या मजल्यावर, आपापल्या टीमशी तोंडी बोललो. तिकिटांच्या शेऱ्यात ते नाव लिहू नका, आणि का ते थोडक्यात. तोंडी सांगितलेलं मेलसारखं फिरत नाही, आणि समोरचा माणूस विचारतो तेव्हा वही आणि डब्याबद्दल सांगता येतं. बहुतेकांचे चेहरे लगेच बदलायचे.

अंकाबाबत मधला मार्ग निघाला. छापील प्रती परत गोळा करणं म्हणजे पुन्हा गवगवा, म्हणून त्या राहू दिल्या. ज्या तीसेक कपाटात उरल्या होत्या त्या वाटल्या नाहीत. पीडीएफमधली कथा मात्र काकांच्या संमतीने बदलली. लेखिका दोन संध्याकाळी त्यांच्याजवळ बसली, वही पाहिली, आणि कथा तिसऱ्यांदा लिहिली. या मसुद्यात चाकोबा हे पात्र उरलं नाही. त्याची जागा उलट्या घड्याळाने घेतली. ते घड्याळ माणसांना कामाला लावतं, बैठका बोलावतं आणि शेवटी स्वतःचं अप्रेझल स्वतःच करून घेतं. आणि मोठ्या साहेबांचं भाषण परत आलं, पहिल्या मसुद्यात होतं तसं, एक शब्द न बदलता.

ते छापण्याआधी मी पुण्याच्या प्रमुखांना जाऊन भेटलो. परवानगी मागायला नव्हे, कळवायला. आधी का कापलं होतं तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी असं बोलतो का?” मी हो म्हणालो. “छापा,” म्हणाले. त्यानंतर मी घड्याळाचा विषय काढला.

एचआरशी वाटाघाट जास्त चालली. आधी तपासणीची त्यांची मागणी आम्ही नाकारली, पण मोकळ्या हाताने नाही. संपादक मंडळात पॅन्ट्री, सुरक्षा किंवा फॅसिलिटी यांपैकी एक जण घ्यायचा हे आम्ही कबूल केलं. कॉर्पोरेट कम्युनिकेशनने तपासलं असतं तर त्यांनीही आमच्यासारखाच साहेबांचा भाग कापला असता. काकांचा भाग त्यांना खटकला नसता.

काय निष्पन्न झालं

तिकिटांच्या सिस्टिममध्ये ‘साहित्य येणे बाकी’ अशी नवी अवस्था आली. ती निवडली की घड्याळ थांबतं. सिस्टिममधला बदल आमच्याच आयटी टीममधल्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत केला. कंत्राटातली अट बदलायला मात्र फेब्रुवारी उजाडला. त्यानंतर ‘उघडी’ तिकिटं बरीच वाढली आणि एका आढावा बैठकीत यावर नाराजीही झाली. दुरुस्त झालेल्या खुर्च्या कुणी मोजल्या नाहीत, तेव्हा त्यांचा आकडा माझ्याकडे नाही. काकांची वही मात्र बंद झाली, तिची गरज उरली नाही.

नाव पूर्ण गेलं नाही. जानेवारीतही एकदा लिफ्टमध्ये माझ्या कानावर आलं, आणि बोलणारा मुलगा नवा होता, त्याला कथा माहीतही नव्हती. छापून गेलेला शब्द असा परत घेता येत नाही.

काका डिसेंबरपासून पुन्हा चौथ्या मजल्यावर यायला लागले. पण ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही. कुणी विचारलं तर ते आता ‘बघतो’ म्हणतात. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः मागून खराडीच्या साइटवर बदली घेतली. घर हडपसरला, ते जवळ पडतं, असं त्यांनी सांगितलं. हडपसरहून हिंजवडी गाठायची म्हणजे पुण्याची दोन टोकं, हे खरंच आहे. मी आणखी काही विचारलं नाही. जाताना डबा त्यांनी नव्या माणसाच्या ताब्यात दिला.

काय वेगळं करता आलं असतं

३ ऑक्टोबरची बैठक हा खरा वळणाचा टप्पा. तिथे दोन मार्ग शिल्लक होते. साहेबांचा भाग ठेवून कथा छापायची आणि जे होईल ते संपादक म्हणून अंगावर घ्यायचं, किंवा तेवढी हिंमत नसेल तर कथा त्या वर्षी छापायचीच नाही. मी तिसरा मार्ग काढला, वरचा भाग कापून खालचा वाढवायचा, आणि तो त्या वेळी सगळ्यांना शहाणपणाचा वाटला. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला आणि प्रधानाला चिमटे काढतो, त्यात जीव असतो कारण राजा त्याला फटके देऊ शकतो. आम्ही सोंगाड्याकडून राजा काढून घेतला आणि त्याच्यापुढे हमाल उभा केला.

दुसरं, पालुपद. खऱ्या माणसाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं उचललं की पात्राचं नाव काय ठेवलं याला अर्थ राहत नाही. आता मसुदा वाचताना मी प्रत्येक संवादासमोर लिहितो, हे वाक्य ऑफिसात कोण बोलतं. एकच नाव सुचलं तर वाक्य बदलायचं. त्यात एक अपवाद ठेवलाय: ज्याच्या हातात इतरांचं अप्रेझल आहे त्याचं वाक्य राहू शकतं.

तिसरं, लेखिकेने तीन तिकिटं टाकली आणि एकदाही खाली जाऊन विचारलं नाही. आमच्यापैकी कुणीच जात नाही. लिफ्टचं बेसमेंटचं बटण आम्ही फक्त गाडी काढायला दाबतो. कथा लिहिण्याआधी ती दहा मिनिटं त्या खोलीत बसली असती तर तिला वही, डबा आणि घड्याळ तिन्ही मिळालं असतं, आणि पहिलाच मसुदा तिसऱ्याच्या जवळ गेला असता.

एका गोष्टीवर लेखिकेचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. माझं म्हणणं, छापण्याआधी कथा काकांना दाखवायला हवी होती. ती म्हणते, तसं केलं तर उद्या साहेबांनाही दाखवावी लागेल, आणि दाखवून परवानगी घेतलेला उपरोध कुणाला टोचणार? त्यापेक्षा ज्याच्यावर लिहायचं त्याच्याजवळ आधी बसावं आणि मग जे दिसेल ते न विचारता लिहावं. २०२५ च्या अंकाच्या वेळी आम्ही यावर पुन्हा भांडलो. त्या वर्षी तिने सुरक्षारक्षकांच्या नोंदवहीवर कथा लिहिली. त्याआधी ती चार रात्री गेटवर बसली होती. मसुदा रक्षकांना तिने दाखवला नाही. मी मागितला, आणि तिने तो मला वाचायला दिला तेव्हा माझ्या हातात लाल पेन होतं. मोठ्या साहेबांचा उल्लेख दोन ठिकाणी होता. मी पेनाला टोपण लावलं आणि पान प्रेसकडे पाठवलं.